आभाळातनं मारलेली हाक

(मंगळवेढ्याजवळ गुरुसिद्धप्पाच्या रानात मेंढरांचा तळ पडलाय. मायाक्का काल गोव्याहून परतलीय. तिचा नवरा तात्याबा तिच्याकडं पाठ करून लोकरीचं सूत काततोय. मधे कुत्रा.)

मायाक्का: तुमाला कोण सांगतंय? जाताना म्हणला न्हवं, आल्यावर मला एक शबूद सांगायचा न्हाय म्हणून? न्हाय सांगत. मी खंड्याला सांगते. ये रं खंड्या, बस हितं.

तात्याबा: कुत्र्याला काय कळतोय गोवा.

मायाक्का: त्याला कळू न्हायतर न कळू, शेपटी तरी हलवतंय. काल सांजंला आले मी. एक माणूस "आलीस" म्हणाला आन् "चुलीवर दूध हाय" म्हणाला. झालं. तवापासनं पाठच बघतेय मी त्याची.

तात्याबा: मग काय, ओवाळायचं हुतं?

मायाक्का: तर ऐक, खंड्या. आपल्या थोरल्याची लेक रुपी, सोलापुरात शुक्रवार पेठंत खोली करून ऱ्हाती, दवाखान्यात नर्स हाय, ती दिवाळीला आली तवा आमचं आधार कार्ड बघत बसली. म्हणाली, आज्जे, तुझा वाढदिवस एक जानेवारी आन् तात्याचा बी एक जानेवारी. दोघं एकाच दिवशी जलमलाय तुमी.

तात्याबा: ते आधारच्या कॅम्पातल्या पोरानं टाकलंय. ज्याला तारीख ठाव न्हाय त्याला सरसकट एक जानेवारी. आपली समदी वस्तीच एक जानेवारीची हाय. त्यो शेजारच्या राहुटीतला बिरुदेव आन् त्याची आई बी एकाच दिवशी जलमल्यात.

मायाक्का: बघ, मधी मधी बोलत्यात. तर रुपी म्हणाली, जलमात कधी केला न्हाय, यंदा वाढदिवस करायचा, आन् हितं केक कापून न्हाय, गोव्याला जाऊन. पाण्यात, आभाळात, समदे खेळ खेळायचे. तिनं तीन तिकिटं काढली. बिरुदेवाला मेंढरं सांभाळायला सांगून ठेवलं. आमी सोलापूरच्या स्टँडवर गेलो, बसमदी बसलो, आन् डायवरनं गाडी चालू केल्यावर हे उठले. म्हणाले, गाभण मेंढी हाय, मी न्हाय येत.

तात्याबा: व्याली न्हवं ती परवा? मी नसतो तर?

मायाक्का: बिरुदेव हुता की. त्यानं काय कमी मेंढ्या सोडवल्यात? निमित्त सांगू नका. खंड्या, तुला खरं सांगते, मी बी उतरत हुते. एक पाय पायरीवर टाकला हुता. तर हे खालनं म्हणाले, "तू जा. आन् आल्यावर मला एक शबूद सांगू नको." असा राग आला मला. ज्या माणसाबरं इतकी वरसं रानोमाळ हिंडले, त्यानं असं म्हणावं? मी पाय आत घेतला. रागानंच गेले गोव्याला.

तात्याबा: राग बरा लांबपतूर टिकला.

मायाक्का: कोल्हापूरपतूर टिकला. पुढं झोप लागली.

तात्याबा: हं.

मायाक्का: पणजीला उतरलो. काय सांगू गर्दी. गाड्यावर गाड्या, समदी नाचायच्या तयारीत. लॉजवर गेलो तर गल्ल्यावरची पोरगी म्हणाली, खोली नवऱ्याच्या नावानं हाय, नाव सांगा. मी म्हणलं, रुपी, तू सांग बया.

तात्याबा: आधारच्या कॅम्पात बी असंच केलंस. त्यो पोरगा नाव इचारतोय आन् तू रुपीकडं बोट दावतीस. त्याला वाटलं म्हातारी मुकी हाय.

मायाक्का: नवऱ्याचं नाव कोण घेतंय तोंडानं? लग्नात करवल्यांनी दार अडवलं तवा घेतलं तेवढं बास. तर ती पोरगी इचारती, ते आले न्हाईत व्हय? रुपी म्हणाली, न्हाय. तिनं दोन टावेल दिले आन् तिसरा परत ठेवला. तवा मला कसंतरीच झालं.

तात्याबा: टावेलाचं काय एवढं.

मायाक्का: तुमाला न्हाय कळायचं. पर खंड्या, सांजंला काय मज्जा. नदीत ह्या मोठाल्या होड्या, नुसत्या दिव्यांनी भरलेल्या. आन् पुढं बाराच्या ठोक्याला समद्या गोव्यानं दारू उडवली. आभाळ लाल, हिरवं. जो तो येऊन माझ्या हातात हात देतोय, हॅपी हॅपी म्हणतोय. एक गोरी बाई गळ्यातच पडली. रुपी म्हणाली, आज्जे, तुझ्या वाढदिवसाला बघ कसं गाव लोटलंय. मला काय कळत न्हाय व्हय, नवं साल हाय म्हणून? पर मी म्हणलं, असू द्या. कॅम्पातल्या पोरानं चांगली तारीख टाकली.

तात्याबा: मग त्यातला निम्मा वाढदिवस माझा हुता.

मायाक्का: हुता की. उतरला कशाला मग?

तात्याबा: तू कुत्र्याला सांग.

मायाक्का: सांगते. सकाळी समुद्रावर गेलो. तितं एक रबराचं केळ असतंय, पिवळंधम्मक, बैलगाडीएवढं. त्याच्यावर माणसं बसत्यात आन् मोटरीची होडी त्याला वढत नेती.

तात्याबा: केळावर माणसं?

मायाक्का: व्हय. उजनीच्या काठाला मेंढरं घेऊन जातो तवा केळी गाडीत भरताना बघतो न्हवं आपण? तितं उलटं, केळ माणसं भरून न्हेतंय. रुपी बसली न्हाय. गोवा गोवा करून मला आणलं आन् पाणी बघून पोरगी पिवळी पडली. मी बसले. मधी नेऊन त्या बाबानं मुद्दाम उलटं केलं समद्यांना. अंगात फुगीर जाकीट हुतं म्हणून तरले. नाकातोंडात पाणी गेलं. समदं खारं वो. एवढं पाणी, नजर पोचत न्हाय एवढं, आन् एक मेंढरू पिऊ शकत न्हाय.

तात्याबा: एक बी न्हाय?

मायाक्का: एक बी न्हाय. मला लई वाईट वाटलं. मग त्याच भिजल्या लुगड्यानं छत्रीला गेले.

तात्याबा: कसली छत्री?

मायाक्का: मी खंड्याला सांगतेय.

तात्याबा: मग जरा मोठ्यानं सांग त्याला. म्हातारा झालाय त्यो.

मायाक्का: मोठी छत्री असती, आपल्या राहुटीच्या दसपट. तिला पट्ट्यांनी माणसं बांधत्यात, दोर होडीला. होडी पळाली की माणूस वर आभाळात. तितला पोरगा म्हणाला, आज्जी, साडी चालत न्हाय. मी म्हणलं, बाबा, कासोटा हाय माझा, बघ. त्यानं बघितलं आन् हसला. बोलता बोलता कळालं, मंजुनाथ त्याचं नाव, इंडीकडचा. मग काय, आमचं कानडी सुरू. त्याला कडक भाकरी आन् शेंगाचटणी दिली. त्यानं होडीतच खाल्ली. डोळ्यात पाणी आलं पोराच्या. चटणी तिखट हाय म्हणाला, पर मला कळतंय की.

तात्याबा: आन् छत्री?

मायाक्का: पट्टे बांधले. शेजारी दुसरे पट्टे मोकळेच लोंबत हुते, जोडीनं जायचं असतंय ते. मंजुनाथ म्हणाला, अज्जी, दुसरं कोण? मी म्हणलं, दुसरं मेंढरांत बसलंय.

तात्याबा: असं सांगितलंस?

मायाक्का: मग काय सांगू? रुपीनं तिचा मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या गळ्यात अडकवला. फोटू काढ म्हणाली. मी कुटलं बटण दाबतेय. मंजुनाथ म्हणाला, "अंजब्याड अज्जी", भिऊ नको. आन् सोडलं. खंड्या, पायाखालनं होडी गेली. डोळं गच्च मिटलं. मग कानात नुसता वारा. डोळं उघडलं तर होडी चपलीएवढी आन् काठावरची माणसं बारीक बारीक, इकडं चार, तिकडं दहा, पांगलेली. मला वाटलं, आपलंच मेंढरांचं खांड सुटलंय. कोण वळवतंय ह्यास्नी? मग तोंडातनं आपसूक हाक गेली, मेंढरांना घालतो ती. हिर्र्र हाऽऽ, या गं बायांनोऽऽ.

तात्याबा: समुद्रावर.

मायाक्का: समुद्रावर. समदा जीव लावून हाक मारली. आन् मग गप बसले. खाली येईपतूर गप.

तात्याबा: गप कुटं बसलीस?

मायाक्का: आं?

तात्याबा: काय न्हाय. सूत तुटलं.

मायाक्का: तुमाला काय ठाव, मी गप बसले का न्हाय ते? हिकडं तोंड करा बघू. करा.

तात्याबा: त्या रुपीनं मोबाईलवर व्हिडिओ धाडला. तुझ्या गळ्यातला मोबाईल चालूच हुता.

मायाक्का: चालू हुता? आन् तुमी बघितलं? एक शबूद सांगू नको म्हणणारा माणूस तुमीच न्हवं?

तात्याबा: सांगू नको म्हणलं हुतं. बघणार न्हाय म्हणलं न्हवतं. आन् बघायला त्यात हाय काय? तुझे पाय दिसत्यात आन् खाली समुद्र. जोडवी चमकत्यात.

मायाक्का: किती येळा बघितलं?

तात्याबा: बॅटरी हाय तवर.

मायाक्का: आन् मला पाठ दाखवून बसलाय काल सांजंपासनं.

तात्याबा: ऐक आता. परवा दिवस मावळायला मी त्या गाभण मेंढीपाशी बसलो हुतो. बिरुदेव पाण्याला गेलता. तवर समदं खांड गुरुसिद्धप्पाच्या शाळवात शिरलं. कणसं भरल्यात, दाणा हुरड्याला आलाय. माझा घसा बसलेला, स्टँडवरनं आलो तवापासनं. हाक मारतोय तर आवाजच न्हाय. आन् तुला ठाव हाय, तुझ्या हाकंबिगर ती म्होरकी मेंढी वळत न्हाय. तिकडनं गुरुसिद्धप्पा काठी घेऊन शिव्या देत आला.

मायाक्का: अगं आई. मग?

तात्याबा: मग मोबाईल काढला. आवाज समदा मोठा केला. हात वर धरून बांधावर उभा ऱ्हायलो आन् तुला लावलं.

मायाक्का: मेंढरांना?

तात्याबा: हाक ऐकली आन् म्होरकीनं मुंडी वर केली. आली पळत. तिच्यामागनं समदी. मलाच गराडा घातला. मोबाईलकडं बघून वरडायला लागली, तू कुटं हायस म्हणून.

मायाक्का: माझ्या बयांनो.

तात्याबा: गुरुसिद्धप्पा भांडायला आलता, त्यो बघतच ऱ्हायला. म्हणाला, तात्याबा, हे काय हाय? मी म्हणलं, बायकू हाय, आभाळात गेलीय. आन् तेवढ्यात हाकंच्या पुढचं लागलं.

मायाक्का: पुढचं काय न्हाय. पुढं वारा हाय.

तात्याबा: वारा हाय. आन् वाऱ्यात एक बाई वरडतीय. "तात्याबाऽऽ, अवं तात्याबा, बघा की, समदं दिसतंय हितनं, तात्याबाऽऽ." तीन येळा माझं नाव घेतलंस.

मायाक्का: म्या? छ्या. दुसरी कोण असंल.

तात्याबा: आभाळात दुसरी कोण हुती?

मायाक्का: त्या गुरुसिद्धप्पानं बी ऐकलं?

तात्याबा: त्यो शिव्या इसरला. काठी टाकून बांधावर बसला. म्हणाला, परत लाव.

मायाक्का: आता मी त्याच्या हिरीवर पाण्याला कशी जाऊ? आन् खंड्या, तू रं, तू बी ऐकलंस व्हय?

तात्याबा: पदर काढ तोंडावरनं. लाजायला काय झालं?

मायाक्का: कोण लाजतंय? तितं लई एकटं वाटलं मला. शेजारचे पट्टे नुसते वाऱ्यानं हालत हुते. एवढं बघितलं आन् कुणाला दाखवू? खोटं न्हाय सांगत, तुमच्याबिगर मजा न्हाय आली असं न्हाय. लई आली. पर समदी मजा एकटीला पेलंना.

तात्याबा: मला बी हितं करमलं न्हाय.

मायाक्का: मग उतरला का? आता मेंढीचं नाव घेतलं तर बघा.

तात्याबा: मेंढीचं न्हाय. त्या बसमदी समदी पोरं, गॉगल घातलेली. माझा हा पटका, हे घोंगडं, मेंढरांचा वास. मला वाटलं, तितं लोक मला हसतील. मग तू शेजारी हुबी असशील, तुला बी हसतील. तुझ्या वाढदिवसाला कशाला.

मायाक्का: अवं, तितं निम्मी माणसं चड्डीवर हिंडत्यात. तुमच्या पटक्याकडं कुणाला बघायला सवड हाय? मंजुनाथ तर म्हणाला, अज्जाला आणा की, त्याला फुकट वर नेतो.

तात्याबा: मला वर भ्याव वाटलं तर?

मायाक्का: मी हाय की शेजारी. दोन पट्टे असत्यात म्हणलं न्हवं?

तात्याबा: बरं, एक कर. आत्ता घे एकदा नाव. हळू घे. हितं कोण न्हाय.

मायाक्का: खंड्या हाय.

तात्याबा: ए खंड्या, जा रं तिकडं. गेला बघ. घे.

मायाक्का: न्हाय. भुईवर न्हाय घेत मी. वर चला, तितं घेते.

तात्याबा: एक जानेवारीला अजून लई येळ हाय. रुपीला इचार, आधारवरली माझी तारीख जरा अलीकडं आणता येती का.