उद्या कोळसा आला नाही तर?

...आणि वर मलाच विचारतात, "नारायणराव, स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचलात कसे?" आता बोला! अहो, मी कुठं उशिरा पोचलो? उशिरा पोचली ती आमची कंपनी! मी आपला नुसता तिच्यात बसलो होतो. मुंडावळ्या बांधून.

हसू नका. तुम्हाला सांगतो, ज्याच्या नशिबी डायरेक्टर मंडळ आलं ना, त्यानं मारुतीला तेल वाहण्यात अर्थ नाही. त्याची साडेसाती दर शनिवारी टेबलाभोवती बसते आणि वर चहा मागते!

तर आमची ही नीरामाई मोटर कंपनी लिमिटेड. भोर ते पुणे. गाडी एक, डायरेक्टर पाच, आणि चिटणीस म्हणजे अस्मादिक. लढाई सुरू झाली, पेट्रोल मिळेना, म्हणून गाडीच्या पाठीमागे तो कोळशाच्या गॅसचा बंब बसवला. पाहिलाय ना तुम्ही? आमचा ड्रायव्हर सावळाराम पहाटे उठून तो पेटवणार, वारा घालणार, शिव्या घालणार, मग उतारूंनी खाली उतरून खोकत खोकत ढकलायचं, की निघाली गाडी! कोळसा यायचा वेल्ह्याच्या डोंगरातून. तिथं गेनबा नावाचा गडी भट्ट्या लावायचा आणि बैलगाडीनं आणून टाकायचा. झकास चाललं होतं हो! पण एकदा गेनबाचा बैल लंगडला, कोळसा आला नाही, गाडी कापूरहोळला जी बसली ती बसलीच... आणि आत नेमकं कोण असावं? आमचे चेअरमन दादासाहेब! रिटायर्ड मामलेदार! भर उन्हात भोरपर्यंत पायी आले बिचारे. झालं! तेव्हापासून मीटिंग सुरू झाली, की डोळे मिटायचे, उपरणं सावरायचं आणि खर्जातला सूर लावायचा... "उद्या कोळसा आला नाही तर?"

मग उठले बंडू वकील. हे आमचे सगळ्यात तरुण डायरेक्टर, मुलगी पसंत पडत नाही म्हणून बिनलग्नाचे. ते म्हणाले, "एकाच माणसावर विसंबायचं नाही. पर्याय हवा, पर्याय!" टाळ्या! लगेच भोरच्या एका व्यापाऱ्याला कंत्राट, कापूरहोळच्या एकाला कंत्राट, शिवाय गेनबा आहेच. तीन पुरवठादार! दादासाहेब त्या रात्री म्हणे गाढ झोपले. आणि पुढल्याच महिन्यात गेनबाला हिवताप भरला आणि तिघांचाही कोळसा एकदम बंद! का? अहो, का काय? दोघे व्यापारी कोळसा कुठून घेत होते? गेनबाकडूनच की! मी हे सांगायला तोंड उघडलं, तर दादासाहेब म्हणाले, "चिटणीस, विषयांतर नको. प्रश्न असा आहे... उद्या कोळसा आला नाही तर?"

मग ठराव झाला की प्रत्येक उतारूनं तिकिटाबरोबर घरून ओंजळभर कोळसा आणावा. आणला हो लोकांनी! कुणी शेगडीतली राख आणली, कुणी ओली लाकडं आणली, आणि ठकुबाई म्हणून एक म्हातारी, ती तर पाटीभर गोवऱ्या घेऊन चढली. मी म्हटलं, "आजी, हा कोळसा आहे का?" तर माझ्यावरच डाफरली, "तुमचं काम धुराशीच हाय न्हवं? मंग ह्या काय कमी धूर करत्यात व्हय?" घातल्या बंबात! पुण्यापर्यंत गाडीला गोठ्याचा वास!

मग ठरलं, साठा करायचा. पण ठेवायचा कुठं? शेडमध्ये? आग लागली तर? देवळात? चोरी झाली तर? शेवटी दादासाहेबांनीच तोड काढली. साठा गाडीतच ठेवायचा! जिथं गाडी तिथं साठा, सुटला प्रश्न! मागची बाकं काढली, पोती रचली. पोती वाढली तशी मधली बाकं काढली. उतारू मावेनात तेव्हा उतारू घेणं बंद केलं. पुढं पुढं तर गाडी पुण्याला जाईच ना, रोज उठून वेल्ह्याला! कशाला? कोळसा आणायला. आणि कोळसा कशाला? वेल्ह्याला जायला! मी तोंड उघडलं की आहेच, "उद्या कोळसा आला नाही तर?"

आणि अशात माझं लग्न ठरलं. शिवऱ्याच्या कुलकर्ण्यांची सरोज. मला ती मुलगी फार म्हणजे फार आवडली होती हो! बघायला गेलो तेव्हा चहाचा पेला पुढं करत हळूच म्हणाली, "तुमची गाडी चालते का कधी?" आणि हसली. तुम्हाला सांगतो, परत येताना गाडी ढकलतानासुद्धा मी गाणं म्हणत होतो!

मंडळानं उदार होऊन वऱ्हाडाला गाडी दिली, फुकट. बंडू वकील मांडवाची व्यवस्था बघतो म्हणून आदल्या दिवशीच शिवऱ्याला गेले. सकाळी आम्ही वऱ्हाडी पोत्यांवर चढून बसलो. आई पोत्यावर, मामा पोत्यावर, भटजी पोत्यावर, सोवळ्यात! मुहूर्त अकराचा. सावळारामनं गाडी सुरू केली, आणि समोर उपरणं सावरत दादासाहेब उभे! "थांबा! सगळा साठा एका खाजगी लग्नात जाळायचा? उद्या कोळसा आला नाही तर? आधी वेल्ह्याला जा, साठा भरून घ्या, मग खुशाल लग्न करा." मी म्हटलं, "दादासाहेब, मुहूर्त!" ते म्हणाले, "हरकत असेल तर शनिवारी मांडा." आणि लक्ष ठेवायला स्वतःच पुढच्या बाकावर बसले.

कापूरहोळ मागं पडलं, वेल्ह्याचा फाटा आला. सरळ गेलं की शिवरे, घटकाभरात मांडवात! आणि गाडी वळली डावीकडे. सनईवाल्यांनी सनई थांबवली हो! सावळाराम म्हणाला, "साहेब, म्या लई नवरदेव पोचवलं, पर असा उलटा न्हेलेला ह्यो पयलाच!"

चढ, धूर, ढकला, पुन्हा चढ... करत करत सगळी पोती जाळून गेनबाच्या दारात पोचलो. गेनबा नाही! भट्ट्या थंड! त्याची बायको फुलाबाई बाहेर आली. मी ओरडलो, "गेनबा कुठं आहे? कोळसा कुठं आहे?"

"त्ये व्हय? त्ये तर समदा कोळसा गाडीत भरून शिवऱ्याला गेलं की! तितं कुनाचं तरी लगीन हाय. पुन्याचं आचारी आल्यात, त्यास्नी जिलबी तळाया लाकडाचा धूर चालंना म्हनं. दुप्पट भाव दिला न्हवं का कुलकर्न्यांनी!"

"अहो, ते लग्न माझं आहे!"

फुलाबाईनं माझ्या मुंडावळ्या बघितल्या, गाडी बघितली, रिकाम्या पोत्यावरचे भटजी बघितले. "मंग तुमी हितं काय करताय?"

मी पळत सुटणार होतो, अगदी धोतर खोचलं होतं, पण आईनं हात धरला. एवढ्या उन्हात, एवढं अंतर? शेवटी गावातून बैल आणले. मी म्हटलं, निदान छकड्याला जुंपा, मी पुढं होतो! तर दादासाहेब म्हणतात कसे, "कंपनीची मालमत्ता रानात टाकून?" मोटारीला जुंपले हो बैल, मोटारीला! अकरा वाजले तेव्हा आम्ही ओढ्यात होतो.

शिवऱ्यात पोचलो तेव्हा पंगती उठत होत्या. मांडवाच्या दारात मुलीचे वडील उभे. डोळे लाल. हात जोडून म्हणाले, "नारायणराव, रागावू नका. मुहूर्त टळला असता तर पोरीला बोल लागला असता. मांडवात होते त्यांत गोत्र यांचंच जुळलं."

आत बोहल्यावर बंडू वकील! माझ्याकडे बघून खाली मान घालून म्हणाले, "माझा इलाज नव्हता, ठराव एकमतानं झाला." शेजारी सरोज. तिनं एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच त्यांना विचारलं, "हा कोळसेवाला का?" तोंड एवढं काळं झालं होतं, की जिच्यासाठी आलो तिनंच ओळखलं नाही.

आणि दादासाहेब? त्यांनी काय करावं? वकिलांचा हात हातात घेऊन गदागदा हलवला! "शाबास! पाहिलंत, चिटणीस? ऐन वेळी पुरवठा थांबला, पण काम अडलं नाही! आपल्या मंडळाची एवढी एक पर्यायाची योजना तडीस गेली बरं का! शनिवारी अभिनंदनाचा ठराव घ्या."

घेतला. सुवाच्य अक्षरात, मीच लिहिला.

आणि त्या दिवशी काय करणार? मुंडावळ्या सोडून खिशात घातल्या, हातपाय धुतले आणि शेवटच्या पंगतीला बसलो. जिलबी मात्र, तुम्हाला सांगतो, अशी कुरकुरीत जन्मात खाल्ली नाही. चांगली होणारच की हो... कोळसा आमच्या कंपनीचा होता!