लाल गाडीला हात न केल्याबाबत

जबाब देणार : जगदेव सखाराम अवचार, वय ६७ वर्षे, धंदा शेती, राहणार अनसिंग, तालुका व जिल्हा वाशिम.

काल संध्याकाळपासून मी मालेगावच्या दवाखान्यात होतो. आज सकाळी सुटी झाली. घरी न जाता पत्नी गोजराबाई हिला सोबत घेऊन सरळ पोलीस ठाण्यात आलो आणि हवालदार लखीराम यांच्यासमोर खुर्चीवर बसून सांगतो ते असे की,

संस्कृती लव्हाळे, राहणार नागपूर, या मुलीने काल तिच्या लाल स्पोर्ट्स गाडीने माझ्या गाडीसमोर मुद्दाम ब्रेक मारून अपघात घडवला, अशी तक्रार ठाण्यात आली आहे. तिची गाडी आवारात उभी आहे आणि लायसन हवालदारांच्या टेबलावर आहे. गुन्हा दाखल करायचा की नाही ते माझ्या जबाबावर ठरेल, असे मला सांगण्यात आले. तर मी पहिलेच सांगून टाकतो. त्या पोरीने माझा आणि माझ्या बायकोचा जीव वाचवला आहे. आता पुढचे सावकाश लिहा.

माझ्याकडे हिरव्या रंगाची, विलायती बनावटीची, दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स गाडी आहे. गाडी १९५३ सालची आहे. कारंज्याच्या एका बंद पडलेल्या, कापसाच्या जिनाच्या आवारात ती पत्र्याखाली उभी होती आणि तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. तिथून मी ती बैलगाडीला बांधून आणली आणि हळदीचे पैसे हंगामामागून हंगाम तिच्यात घालवत उभी केली. समोरच्या दोन मोठ्या दिव्यांमुळे गावात तिला बेडूक म्हणतात. गोजराबाई तिला माझी सवत म्हणते, पण बसते तिच्यातच.

हवालदार म्हणाले, अपघाताचे सांगा, गाडीचा इतिहास कायले सांगून राह्यले. मी म्हटले, साहेब, आमच्यातली रीत समजल्याशिवाय हा अपघात तुमाले समजणार नाही. त्यांनी पेन खाली ठेवून ऐकले आणि मग लिहून घेतले.

रीत अशी आहे. अशा गाडीवाल्याला रस्त्यात दुसरा अशाच गाडीचा माणूस दिसला की दिवे एकदा लावून विझवायचे आणि हात वर करायचा. नव्या गाडीने आधी करायचे, जुन्या गाडीने उत्तर द्यायचे. लहान माणूस आधी राम राम घालतो, तसेच हे. नवी गाडी मागून येऊन पुढे झाली तरी निघून जात नाही, हळू चालते. जुनीने दिवे दाखवून रस्ता मागितला तर तिला पुढे होऊ देते, आणि सावली दिसली की दोघे थांबतात. मग बोनेट उघडून तासभर जातो. समृद्धी महामार्ग झाल्यापासून नागपूरकडच्या, पुण्याकडच्या नव्या गाड्या आमच्या बाजूने दिसू लागल्या. इतकी वर्षे मला लोक विचारत, हा डब्बा कितीला विकता? त्या पोरापोरींनी एकदाही किंमत विचारली नाही. ते विचारतात, काका, हिचा आवाज ऐकवता का? एकाने माझ्या गाडीच्या स्टिअरिंगला नुसता हात लावून पाहिला आणि थँक्यू म्हणाला. त्या दिवशी मी घरी येऊन गोजराबाईला म्हटले, आपल्याले वळखणारे लोक हायेत बाप्पा जगात. आमची नावे एकमेकांना माहीत नसतात. हात वर केला नाही असे मात्र कधी होत नाही. गोजराबाई तेवढी लाजून मांडीवर हात ठेवून बसते.

काल रविवारी दुपारी आम्ही दोघे मालेगावला माझ्या भाचीच्या साक्षगंधाला निघालो होतो. गोजराबाईच्या मांडीवर रव्याच्या लाडवांचा डबा होता. मालेगावच्या अलीकडे रस्ता टेकडीवरून खाली उतरतो, त्या टेकडीवर मागून लाल रंगाची नवी स्पोर्ट्स गाडी आली. तिचाही टप उघडा होता. चालवणाऱ्या मुलीने दिवे दाखवले, हात वर केला. मी हात वर केला. ती बाजूने पुढे निघून गेली, आणि थोडे पुढे जाऊन हळू चालू लागली. सावली शोधत असेल असे मला वाटले. मीही कुठे थांबावे ते पाहतच होतो.

उतार सुरू झाल्यावर मी ब्रेक दाबला तर पेडल खाली जाऊन टेकले. वर आलेच नाही. ब्रेकची नळी मी दिवाळीत पाहिली होती, तेव्हा चांगली होती. हातब्रेक ओढला, त्याचा नुसता वास सुटला. खालचा गिअर टाकायला गेलो तो बसला नाही. जुन्या गाडीचा गिअर घाई केली की ऐकत नाही. गाडी मोकळी सुटली. उताराच्या पायथ्याला काल बाजार भरला होता आणि अर्धा बाजार रस्त्यावरच होता. रस्त्याच्या एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला खोल नाला आहे. मी गोजराबाईला सांगितले, बिरेक गेला. ती म्हणाली, कुठी गेला? मी म्हटले, गेला म्हंजे गेला.

मी पुढच्या लाल गाडीला दिवे दाखवले. पुन्हा पुन्हा दाखवले. तिथे त्या मुलीची चूक झाली, आणि ही चूक आमच्यातलाच माणूस करू शकतो. तिला वाटले, जुनी गाडी पुढे जायला रस्ता मागते आहे. तिने मान राखून गाडी डावीकडे घेतली, हसत हात वर केला आणि आम्हाला पुढे जा म्हणून खूण केली. मी तिच्या बाजूने निघून गेलो. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मी हात वर केला नाही.

ती मुलगी मला नंतर म्हणाली, "काका, तुम्ही हात नाही केला, तेव्हाच समजलं काहीतरी झालं, ब्रेकच गेला असणार. जुन्या गाडीवाला उत्तर दिल्याशिवाय जातच नाही."

मग ती मागून जोरात आली, माझ्या पुढे गेली आणि माझ्या नाकासमोर येऊन राहिली. मान वळवून तिने एक हात खाली दाबल्यासारखा केला. मला समजले, ती मला आपल्या गाडीवर अडवून धरणार होती. मी गाडी सरळ धरली, दुसरे काही करण्यासारखे नव्हतेच. तिने वेग माझ्याइतका केला आणि तिच्या गाडीचा मागचा भाग माझ्या गाडीला टेकवला. पहिल्या वेळी धक्का बसून गाड्या सुटल्या. दुसऱ्या वेळी पुन्हा सुटल्या आणि डब्यातले लाडू रस्त्यावर गेले. तिसऱ्या वेळी टेकल्या त्या टेकल्याच. मग तिने हळूहळू ब्रेक लावला. माझ्या गाडीचा सगळा भार तिच्या नव्या गाडीच्या पाठीवर आला, पत्रा चुरगळत असलेला मला ऐकू येत होता, तरी तिने पाय काढला नाही. बाजाराच्या टोकाला चपलांचे दुकान आहे, त्याच्या अलीकडे आम्ही थांबलो. दुकानासमोर एक बाई लेकराच्या पायात चप्पल घालून पाहत होती. तिने मान वर करून आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा चप्पल पाहू लागली.

ती मुलगी उडी मारून उतरली. स्वतःच्या गाडीकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. आधी गोजराबाईचा हात धरला, म्हणाली, काकू, लागलं का? गोजराबाई म्हणाली, लाडू गेले वं माय. मग ती मुलगी माझ्या गाडीच्या दिव्याला हात लावून म्हणाली, काका, हिला फार नाही लागलं. मला काही बोलायचे होते, पण माझी वाचाच गेली होती. मी स्टिअरिंग धरून तसाच बसून होतो.

तेवढ्यात मागून भाऊसिंग नावाचा पिकअपवाला आला. त्याने उतारावरून सगळे पाहिले होते. लाल गाडीने म्हाताऱ्याला पुढे जाऊ दिले, मग जोरात येऊन आडवी झाली आणि ब्रेक मारला, असे त्याने लोकांना सांगितले. तक्रार त्याचीच आहे. त्याच्यावर माझा राग नाही. मागून पाहणाऱ्याला तसेच दिसणार, त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच बोललो असतो. त्यानेच मला पिकअपमध्ये टाकून दवाखान्यात नेले आणि रात्री माझ्या बायकोला जेवायला घरी घेऊन गेला. त्याचेही उपकार आहेत, ते लिहून घ्यावे.

आज ठाण्यात आल्यावर ती मुलगी बाहेरच्या बाकावर बसलेली दिसली. रात्री लॉजवर राहिली, नागपूरला गेली नाही. हवालदारांनी तिचा कालचा जबाब मला वाचून दाखवला. त्यात लिहिले आहे, पुढे जाण्याच्या नादात माझा अंदाज चुकला व ब्रेक लागला. एवढेच. मी विचारले, माह्या बिरेकचं काहीच नाही सांगतलं? हवालदार म्हणाले, नाही.

मी उठून बाहेर गेलो. तिला म्हटले, "पोरी, खोटं काहून लिवून देल्लं? आता तुह्यावर केस होऊन राह्यली ना."

ती म्हणाली, "काका, ब्रेक नव्हते असं लिहिलं असतं तर तुमची गाडी रस्त्यावरून काढली असती. सत्तर वर्षांची गाडी आहे, एकदा नोंदणीतून नाव काटलं की संपलं. माझी काय, गॅरेजात जाऊन नवी होऊन येईल."

मी म्हटले, "अन् तुह्यं लायसन?"

त्यावर तिने बाकावर सरकून माझ्यामागून आलेल्या गोजराबाईला जागा करून दिली.

माझ्या पोरांनी मला कधी विचारले नाही की बाबा, या गाडीत तुमचा जीव का अडकला आहे. या मुलीला न विचारता माहीत होते. मी गेली तीस-पस्तीस वर्षे हसण्यावारी गेलेला माणूस आहे. काल एका अनोळखी पोरीने स्वतःची नवीकोरी गाडी माझ्या गाडीसाठी मोडून घेतली, आणि वरून माझी गाडी वाचावी म्हणून गुन्हा अंगावर घेऊन बसली. मला रडू आले, हे लिहायला माझी हरकत नाही. गोजराबाई तिला म्हणाली, "इतकी शाहणी हायेस अन् खोटं बोलतेस व्हय? चाल, आमचा म्हातारा खरं सांगते आता."

तर खरे असे की माझ्या गाडीचे ब्रेक गेले होते. संस्कृती लव्हाळे हिने काही चूक केली नाही. तिने ब्रेक लावला तो आम्हाला थांबवायला लावला, आणि त्यामुळे आम्ही दोघे व बाजारातले लोक वाचलो. तिच्याविरुद्ध माझी कसलीही तक्रार नाही, आणि तिचा कालचा जबाब माझ्यासाठी दिलेला असल्याने तो तिच्याविरुद्ध धरू नये. माझ्या गाडीचे कायद्याने जे व्हायचे असेल ते व्हावे. मी गाडीची चावी हवालदारांच्या टेबलावर ठेवली आहे.  हवालदारांनी चावी उचलली नाही. म्हणाले, गाडी तपासायला माणूस येईल, बिरेक करून दाखवा, मंग पाहू. त्या पोरीचे लायसन मात्र त्यांनी टेबलाच्या या बाजूला सरकवले.

आणखी एक गोष्ट. टेबलाजवळच्या खिडकीतून बाहेरचा बाक दिसतो. हे सांगत असताना मी त्या मुलीकडे पाहून हात वर केला, कारण काल उतारावर तो राहून गेला होता. तिने उठून उभे राहून हात वर केला. गोजराबाईनेही वर केला, आणि मी सांगेपर्यंत खाली घेतला नाही. हवालदारांनी विचारले, हे कायले लिवायचं? गोजराबाई म्हणाली, लिवा.

हवालदार लखीराम यांनी हा मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. आम्ही दोघांनी ऐकला. बोललो तसाच उतरला आहे, कमी-जास्त काही नाही, म्हणून खाली नाव लिहितो.

जगदेव सखाराम अवचार