पितळी घंटा

दातांच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहणाऱ्या एका शिवणकामवाल्या बाईंनी मासिक उघडलं खरं, पण कान शेजारच्या बाकावर होते. तिथं सुजलेला गाल धरून बसलेले वडील आणि शेअरच्या कंपनीत नुकतीच इंटर्न म्हणून लागलेली त्यांची लेक बोलत होते.

"बाबा, आमच्या ऑफिसच्या हॉलमध्ये एक पितळी घंटा आहे."

"हं. नफा झाला की वाजवत असतील."

"छे! चूक झाली की. ज्याची चूक त्यानंच वाजवायची, लगेच. मग सगळे हातातलं टाकून धावतात."

"बरं."

"काल मी विकायचे शेअर विकत घेतले."

"अगं!"

"वाटलं, गुपचूप निस्तरावं. पण वाजवली."

"रागावले?"

"कुणी ब्रसुद्धा काढला नाही. शेजारचे दादा खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले, पलीकडच्या ताईंनी फोन घेतला. सगळं मार्गी लागल्यावर मोठ्या मॅडम म्हणाल्या, 'मला पहिल्यांदा वाजवायला वर्ष लागलं होतं. त्याआधी लपवलेल्या चुका अजून झोपेत दिसतात.' आणि आज त्यांनी मला जेवायला आपल्या टेबलावर बोलावलं. नावानं हाक मारून!"

"काका, चला आत," नर्स म्हणाली. "सोबत कोण आहे?"

"माझी लेक," वडील सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं म्हणाले. "काल हिनं कंपनीत घंटा वाजवली!"

"अरे वा! अभिनंदन हं!" नर्स म्हणाली.

"बाबा, कशाची घंटा ते सांगा ना त्यांना."

"कशाला? बरोबरच बोलल्या त्या."