फेरातली म्हातारी

बायांनो, माझ्या मुलाला माझी फार काळजी! दिवाळीत पाड्यावर तारपा वाजायला लागला, तशी मी पदर खोचून नाचायला निघाले. हा आडवा आला.

"आई, म्हातारी झालीस आता. गुडघे दुखतात तुझे. पडलीस म्हणजे?"

"अरे, फेरात दोन्हीकडून बायांचे हात कमरेला असतात. पडेन कशी? घरात एकटी पडले तर कोण धरणार, तुझा मोबाईल?"

सुनेने हसत माझ्या कमरेत हात घातला आणि आम्ही फेरात शिरलो. घाम निघाला, आखडलेले पाय मोकळे झाले. तेवढ्यात हा परत हजर.

"दोघी इथे नाचताय, मग जेवणाचं काय?"

म्हटलं, "मी म्हातारी झाले ना? मग नागलीच्या भाकऱ्या आता तू थाप!"