अस्सल बू तार्मी

...नाही, पण मला सांगा, बायको माझी, तोंड तिचं, आणि ते पुडीवर कुणी छापायचं हे ठरवणार कोण, तर कोर्ट! तुम्हाला सांगतो, आमच्या मादियून गावात शेंगदाण्याच्या चटणीवर करणाऱ्या बाईचंच नाव नि फोटो असतो, तसा आमच्या हिचाही होता, 'बू तार्मी', म्हणजे आपल्याकडची तार्मीबाई. मग थोरल्या लेकीनं, वुर्यानीनं, दुकान काढलं 'अस्सल बू तार्मी', आणि धाकट्या बाग्योनं बरोब्बर समोर, 'बू तार्मी, अस्सल'. झालं. दोघंही सुराबायाच्या कोर्टात. ती म्हणते, "आईनं खल माझ्या हाती दिला." तो म्हणतो, "खल तुला, चव मला." आणि जिची चव ती घरात भाजी निवडतेय, तिला कुणी विचारतंय?

हिला हारजितीचं काही नव्हतं हो. धास्ती एकच, ईदेला पोरं एकत्र येतील ना? ईदेच्या सकाळी पोरांनी गुडघ्यावर बसायचं, आईबापाच्या मांडीवर डोकं टेकवून वर्षाचं चुकलंमाकलं माफ करा म्हणायचं, मग भावंडांनी एकमेकांना. तर... आली. दोघंही आली. बाग्यो वाकला आणि मध्येच थांबला. म्हटलं, काय रे, कंबर धरली? तर म्हणतो, "बाबा, वकील म्हणालेत, निकालापर्यंत माफी मागायची नाही, चूक कबूल केल्यासारखं होतं." वुर्यानी हळूच म्हणते, "माझेही तेच म्हणालेत." आता बोला.

हिनं दोघांची डोकी धरली आणि मांडीवर दाबली. म्हणाली, "मग मीच मागते. नाव एकच होतं रे माझं, दोन असती तर वाटून दिली असती. माफ करा." तिघंही रडली. मीही रडलो, खोटं कशाला बोलू?

पुढे काय झालं? वुर्यानीनं गुपचूप कोर्टात जाऊन नाव भावासाठी सोडलं, आणि त्याच दिवशी त्या शहाण्यानं ताईसाठी! नाव पडलं मोकळं, ते तिसऱ्याच कुणीतरी नोंदवून टाकलं. आता पोरांचं दुकान एक आहे, एका ताटात जेवतात, पण पुडी कोरी. आणि परवा ही बाजारातून ती परक्याची 'बू तार्मी' घेऊन आली. फोटो कुणा भलत्याच तरण्या बाईचा. बोटभर चाखली, फोटो निरखला, म्हणते, "मीठ कमी आहे... पण अहो, फोटोत मी बरी आलेय, नाही?"

नाही म्हणू? तुम्ही म्हणून दाखवा.