मांडे करणाऱ्या बाईची मान

माहं माहेर धुळ्याकडचं, साक्रीच्या रस्त्यानं आत गेलं की लागतं, आन् सासर इकडं पहूरजवळ, जामनेर तालुक्यात. सगळ्याले तिकडं बठ्ठा म्हनतात, इकडं सगये म्हनतात, माह्या तोंडात दोन्हीची खिचडी झाली, तुमी लिहाल तेव्हा समजून घ्या ताई. आई माही मांडे करायची. खापराची पुरनपोळी तुमी खाल्ली असेल, पन करताना पाहिली का? मातीचं खापर चुलीवर पालथं टाकायचं, खाली पऱ्हाटीचा, कापसाच्या काड्यांचा जाळ, आन् पुरन भरलेला गोळा दोन्ही हातांवर खेळवत खेळवत पार कोपरापर्यंत वाढवायचा, लाटनं नाही, पोळपाट नाही, हातच. मग कपडा टाकावा तसा खापरावर टाकायचा. हात वर, मान खाली, पाठ ताठ, आन् लग्नघरी सकाळी बसलं की दुपार कलेपर्यंत असंच. मी बारा वर्षांची असेल, आईनं पहिला गोळा हातावर दिला, तो फाटला, दुसरा फाटला, आईनं तिसरा दिला.

सासरी जमीन नाही. आमचे हे कापसाच्या जिनिंगमधे हमाली करतात, ते काम सीझनपुरतं. बाकीचं घर चाललं ते मांड्यांवर, खोटं नाही सांगत. आमची चौघींची टोळी होती, नाव माहंच चालायचं, इंदूबाईचे मांडे, जामनेर, बोदवड, पार भुसावळपर्यंत बोलावनं यायचं. आन् न्यायला-आनायला आमच्या गल्लीतला भिका. त्याची मालाची पिकअप होती, केळी वाहायचा, कापूस वाहायचा, लग्नसराईत आमाले न्यायचा. मले वहिनी म्हने. त्याची बायको सुनंदा, तिच्या दोन्ही बाळंतपनांत मी होती, आता यापेक्षा जास्त काय सांगू तुमाले.

त्या दिवशी बोदवडला लग्न होतं. निघायला उशीर झाला, कनीक भिजवायची होती अजून, आन् लग्नघरचा फोन वर फोन. तिघी मागं खापरं धरून बसल्या, मी पुढं भिकाजवळ. फोन त्याच्या खिशात वाजू राहिला, तो उचलेना, म्हने वहिनी, रस्ता खराब आहे, पोचल्यावर बोलू. पुन्हा वाजला. मग मी म्हनाली, अरे उचल ना भिकाभाऊ, सांग त्याइले येतोच म्हनून, नाहीतर दुसऱ्या बाया बोलावतील. मीच म्हनाली. त्यानं एका हातानं उचलला, हॅलो म्हटलं का नाही म्हटलं, तेवढ्यात वळन आलं, पुलाचा कठडा आला, आन् गाडी कठड्यावर. मागच्या तिघींले खरचटलं, खापरं बठ्ठी फुटली. माही मान अशी पुढं गेली आन् अशी मागं आली. मले वाटलं कोनी मागून काठी मारली. भिकाच्या कपाळातून रक्त चालू, पन त्यानंच मले उचललं, दुसरी गाडी थांबवली, जळगावच्या दवाखान्यापर्यंत माहं डोकं मांडीवर घेऊन बसला.

डॉक्टर म्हने मानेतली गादी सरकली, नस दाबली गेली, कमरेचा एक मनका चेपला. आपरेशनची गरज नाही म्हने, मले बरं वाटलं, नंतर कळलं आपरेशन नाही म्हनजे दुखनं नाही असं नसतं. पोलीस आले, काय झालं विचारलं, मी अर्धी गुंगीत, त्याइनं लिहिलं भरधाव, हयगयीनं, निष्काळजीपनानं, मी सही केली. फोनचं मी बोलली नाही. भिकाही बोलला नाही.

घरी आली. मानेले पट्टा, कमरेले पट्टा. पहिला महिना सुनंदानं डबा आनला, माह्या डोक्याले तेल लावलं. पन ताई, हात मोडला असता तर लोकांले दिसला असता. मान-पाठीचं कोनाले दिसत नाही. पट्टा काढला की बाया म्हनत, दिसते तर चांगली. आन् माह्या उजव्या हाताची दोन बोटं बधिर, गोळा हातावर घेतला की कुठपर्यंत पसरला ते बोटांले समजे ना. एकदा करून पाहिलं. चार मांडे झाले आन् पाचव्याले मान अशी धरली, खापराजवळच आडवी झाली. टोळी मग दुसरीच्या नावानं चालू लागली. त्याइचं तरी काय चुकलं, त्याइले पोट नाही का.

भाऊ आला माहेरून. तो मले जळगावले वकीलताईकडं घेऊन गेला. त्या म्हनाल्या, क्लेम टाकू, पैसे विमा कंपनी देते, ड्रायव्हर-मालकाचं नाव कागदापुरतं असतं. मी तेच येऊन सुनंदाले सांगतलं, कागदापुरतं आहे गं, भिकाभाऊले काही होनार नाही. ती म्हने बरं. मग त्याइच्या दारात कोर्टाची नोटीस आली, पोस्टमननं गल्लीत नाव घेऊन हाक मारली, सही करा म्हने. त्या दिवसापासून डबा बंद. भांडन नाही, शिवी नाही, नुसती मी नळावर आली की निघून जाई.

चार वर्षं चाललं. जळगावले जायचं म्हनजे एसटीत कमरेचा भुगा, तिथं बाकड्यावर बसा, दुपारी कळे की आज जजसाहेब नाहीत. त्याच बाकड्याच्या दुसऱ्या टोकाले भिका बसे. एका तारखेले मले उठता येईना, त्यानं हात दिला, मी धरला, उठली.

मग माही साक्ष लागली. आदल्या दिवशी मी भावाले फोन केला, फोनचं विचारलं तर काय सांगू. पन अर्धंच सांगतलं, मी उचलायले लावलं ते त्यालेही नाही सांगतलं. भाऊ माहेरच्या अहिराणीत म्हने, बहीन, तुनी मान शे, तुझी आहे, बठ्ठं खरं सांग, मंग जे व्हई ते व्हई. बठ्ठं म्हटला तो.

कंपनीचे वकील गोड बोलनारे. म्हने, आजी, मांडे कसे करतात हो, आम्हाला तर माहीतच नाही. आजी म्हटलं त्याइनं, मी पन्नाशीचीही नव्हती. मी भोळी, दोन्ही हात वर करून दाखवलं, असा गोळा घ्यायचा, असा फिरवायचा. ते लगेच साहेबांले म्हने, हात खांद्याच्या वर गेले, कृपया नोंद घ्यावी. मग म्हने मानेनं नाही म्हणता येतं का तुम्हाला? मी सवयीनं मान हलवली. तेही लिहिलं. मी म्हनाली साहेब, एकदा हात वर जातो, दोनदा जातो, दीडशे वेळा नाही जात. साहेब वर पाहून म्हनाले, हेही लिहा.

मग वकिलानं विचारलं, गाडी चालवताना ड्रायव्हर काय करत होता? मी भिकाकडं पाहिलं. तो मागं उभा, टोपी हातात. मी म्हनाली, फोनवर बोलत होता. वकील म्हने बस, एवढंच. आन् मीही एवढंच ठेवलं. कोनी विचारलं नाही त्याले फोन उचल कोनी म्हटलं. ताई, विचारलं असतं तर सांगतलं असतं असं मी स्वतःले रोज म्हनते, पन खरं काय ते मले माहीत नाही.

त्याच्यानंतर भिकाची पाळी आली. मले वाटलं, आता हा सांगनार. साहेबांनी विचारलं, फोनवर होतात का? तो म्हने, हो साहेब. का उचलला? तो म्हने, वाजत होता म्हनून. माह्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

निकाल माह्या बाजूनं लागला. आकडा नाही सांगत, आकडा सांगतला की लोक तोंडाकडं पाहतात. पन निकालात खाली एक ओळ होती, ती वकीलताईनं मले दोनदा समजावली. गाडी मालाची, बाया बसवायची परवानगी नाही, म्हनून कंपनीनं आधी मले द्यावे आन् मग मालकाकडून वसूल करावे. मालक म्हनजे भिका. मी म्हनाली, ताई, तुमी तर कागदापुरतं म्हनाल्या होत्या. त्या म्हनाल्या, इंदूबाई, मला वाटलं होतं तसं होईल. त्याइचाही आवाज खाली गेला.

पैसे आले, त्यात औषधं झाली, उधारी फिटली, आन् हे म्हनतात तसं, निदान हात पसरायची वेळ आली नाही. कंपनीच्या वसुलीत भिकाची पिकअप गेली. आता तो दुसऱ्याच्या गाडीवर क्लीनरसारखा जातो, केळी भरतो, चाळिशी ओलांडलेला मानूस.

गेल्या दिवाळीच्या आधी माह्यानं राहवलं नाही, मी सुनंदाकडं गेली. ती गहू निवडत होती. मी बसली नाही, बसलं की उठता येत नाही, उभ्यानंच सांगतलं, फोन उचल म्हनून मीच त्याले म्हनाली होती, तो नको म्हनत होता. तिचा हात थांबला. तिले माहीत नव्हतं, ताई. एवढ्या वर्षांत त्यानं घरातही सांगतलं नव्हतं. मी म्हनाली, माह्याजवळ थोडे उरले आहेत, ते घे. ती आत गेली, पान्याचा तांब्या आनला, माह्या हातात दिला आन् म्हने, आता सांगून काय करता वहिनी. पैशाचं काही बोललीच नाही. मी पानी पिऊन निघाली. मागं दार लावल्याचा आवाज आला, जोरात नाही, साधा.

आता काय, सून मांडे शिकली आहे, मी बाजूले बसून सांगते, जाळ कमी कर, कड पातळ कर. सकाळी उठायले अर्धा तास लागतो. थंडीत बोटं अजून बधिर होतात. मले मागून कोनी हाक मारली तर मान वळत नाही, बठ्ठं अंग वळवावं लागतं, पोरंसोरं तोवर निघून जातात. भिका तेवढा समोर येतो. रस्त्यात दिसली तर वळसा घालून पुढं येऊन उभा राहतो आन् मग म्हनतो, राम राम वहिनी, बरं आहे का. मी म्हनते बरं आहे. तो जातो. यापुढचं बोलनं आमाले दोघांले अजून सापडलं नाही. त्याच्या लेकराबाळांचं देव चांगलं करो, आन् ताई, तुमचंही करो, एवढ्या लांबून आल्या, ऐकून घेतलं.