देव्हाऱ्यातला शेल दगड

तुम्हाला सांगते, असली चूक माझ्या हातून कधी झाली नव्हती. लेक सुमन खनिज तेलाच्या खडकांवर पीएचडी करते. तिनं एक काळा दगड कंग्राळीला घरी आणला आणि सुरक्षित राहील म्हणून देव्हाऱ्यात ठेवला. तिच्या पदवीसाठी माझे शनिवार चाललेत. मारुतीला तेल वाहताना मी त्या दगडालाही वाहिलं.

सुमननं तेलकट दगड हातात घेतला. "आई, ह्या शेलमधी डोळ्याला न दिसणारी छिद्रं असतात. त्यात तेल किती मावतंय, तेच मोजायचं हुतं गं. एवढाच तुकडा हाय!"

मीच तिच्या सरांना फोन केला. "सर, पोरीचा दोष न्हाय. तेल मी घातलंय."

सरांनी एवढंच विचारलं,

"आक्का, कुठलं तेल?"

"घाण्यावरचं शेंगतेल."

"खायचं तेल हाय, मग रसायनानं धुऊन बघू. पण आक्का, इथून पुढं नुसता नमस्कार करा."